फुकटातली झुळूक

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सकाळी एका अनोळखी गृहस्थाचं पत्र. माझी 'झुळूक' ही वेबसाइटची थीम भिकार आहे, वरची पट्टी मोबाईलवर वाकडी दिसते, अपडेट येत नाहीत, आणि मी ती तातडीनं — हा शब्द दोनदा — दुरुस्त करून द्यावी. मी सभ्यपणे खरेदीचा क्रमांक विचारला. पाच मिनिटांत उत्तर. कसला क्रमांक? मी तर फुकट उतरवून घेतली!

म्हणजे माझी चोरलेली वस्तू बिघडली म्हणून तक्रार घेऊन माझ्याच दारात. आणि वर आवाज चढवून! दीड महिन्यातलं हे सातवं पत्र. मागच्या एकानं तर 'ग्राहकाशी कसं वागावं' यावर मला चार परिच्छेद लिहून पाठवले होते. ते मी जपून ठेवलेत. मन उदास झालं की काढून वाचते.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे जेवायला. आई गेल्यापासून रविवार तिथेच, मी आणि बाबा. जेवणं आटोपल्यावर दादानं हात पुसले, घसा खाकरला आणि मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवला. दवाखान्याची नवी वेबसाइट! दादा दातांचा डॉक्टर. कोणाची अक्कलदाढ काढतानाही तो इतका गंभीर होत नसेल.

मी वाकून पाहिलं आणि पाणी पिता पिता ठसका लागला. झुळूक. माझी झुळूक! अपॉइंटमेंटच्या चौकटीचा तो कोपरा — ती गोलाई जमायला मला चार दिवस लागले होते. आपलं पोर भलत्याच माणसाच्या कडेवर दिसावं तसं झालं.

कोणी केली विचारलं. सर्वज्ञानं. हे नाव मी ठेवलंय, फक्त या वहीत. दादाचा मित्र — प्रिंटर दुरुस्त करतो, कॅमेरे बसवतो, गळके नळ बघतो, आणि हल्ली वेबसाइटही करतो. त्याला येत नाही अशी गोष्ट अजून निघालेली नाही, निदान त्याच्या मते. विकत घेतली असती तर केवढ्याला पडली असती, हा सगळं फुकटात मिळवतो — दादाला कोण कौतुक! मी काय काम करते हे त्याला सात वर्षांत कळलेलं नाही. लोकांना तो 'कंप्युटरवर काहीतरी' असं सांगतो आणि विषय बदलतो.

बाबांनी मोबाईल घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत बसले. "छान केलंय हो," म्हणाले. माझ्या कामाला आजवर एकदा तरी छान म्हणाले असतील तर शपथ. राग आला होता, पण तो दादाचा की बाबांचा ते ठरेना.

१० फेब्रुवारी, सोमवार

वहिनीचा फोन. काल तुझं तोंड का उतरलं होतं? सांगून टाकलं. थीम म्हणजे काय तेही सांगितलं — तयार शिवलेले कपडे मिळतात ना, तसा वेबसाइटचा तयार साचा. मी तो शिवते. डॉक्टर, वकील, दुकानदार विकत घेतात आणि आपापलं नाव लावतात. एकच साचा हजार जणांना विकता येतो, म्हणून आमचं घर चालतं.

तिला लगेच कळलं. दादाला सात वर्षं, हिला सात मिनिटं! म्हणाली, फुकट म्हटलं की तुझ्या भावाला समोरचा खांबसुद्धा दिसत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात जाऊन दादाला सांगितलं. ही थीम माझी आहे, आणि तू वापरतोयस ती चोरीची प्रत आहे.

"मग घरचीच झाली की," दादा म्हणाला. "त्यात चोरी कसली?"

त्याला म्हटलं, बाबा रे, मागितली असतीस तर मीच दिली असती, प्रश्न पैशाचा नाही. या चोरबाजारांत महागड्या थीम फुकट वाटतात त्या काय पुण्य लागावं म्हणून? आत काहीतरी घालून देतात. त्यावर दादानं वेबसाइट उघडून वरखाली केली आणि म्हणाला, मला तर काही दिसत नाही. सर्वज्ञ तिथेच शिडीवर चढून कॅमेरा फिरवत होता. त्यानं वरूनच ज्ञान पाजळलं — अहो ताई, या विकणाऱ्या कंपन्याच घाबरवतात लोकांना. कंपनी! मी, एक टेबल, आणि एक चाक तुटलेली खुर्ची.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात गोंधळ. एका पेशंटनं मोबाईलवर दवाखान्याचं नाव शोधलं, वेबसाइटवर बोट ठेवलं, तर समोर जुगाराचं चाक फिरायला लागलं. शेजारी बेताच्या कपड्यांतली एक बाई, 'आज तुमचं नशीब उघडणार' म्हणत डोळा मारतेय. दुसऱ्या एकानं फोन करून विचारलं, डॉक्टर, कवळी आता जिंकावी लागते का?

रिसेप्शनच्या बाईंनी दादाला सांगितलं. दादानं आपल्या कंप्युटरवर उघडून पाहिलं. सगळं ठीक. सर्वज्ञानं पाहिलं. सगळं ठीक. तेव्हा दोघांनी मिळून असं ठरवलं की पेशंटचेच मोबाईल खराब आहेत. एका दिवसात अकरा पेशंटचे! बाई बिचाऱ्या प्रत्येकाला सांगत बसल्या की तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस आहे, तेवढा काढून घ्या. वहिनीनं हे सांगितलं तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं. मग लक्षात आलं की ते चाक माझ्याच झुळुकेत फिरतंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी पेशंट नसताना दादाच्या कंप्युटरवर बसले. अर्ध्या तासात सापडलं. मुख्य फाइलमध्ये माझ्या दोनशे ओळी, आणि सगळ्यात खाली मी न लिहिलेली एक. एकच, पण नऊ हजार अक्षरांची! बघावं तर नुसता अक्षरांचा चिखल.

उलगडून पाहिली. मानलं बुवा! जो मालक म्हणून आत शिरतो त्याला काही दाखवायचं नाही. जो पत्ता टाईप करून येतो त्यालाही नाही. जो शोधत येतो, मोबाईलवरून येतो आणि पहिल्यांदाच येतो — त्यालाच ते चाक. दादानं शंभर वेळा बघितलं असतं तरी त्याला पांढरेशुभ्र दातच दिसले असते. शिवाय अपॉइंटमेंटचा फॉर्म भरला की एक प्रत दादाकडे आणि एक भलत्याच पत्त्यावर. नाव, नंबर, कुठला दात, किती दिवसांपासून दुखतोय. आणि मालकांच्या यादीत दादा आणि सर्वज्ञ यांच्या खाली तिसरा मालक — 'मदतनीस २'. मदतनीस १ कुठे नांदतोय देव जाणे.

दादाला ओळ न् ओळ दाखवली. त्याचा चेहरा पडला. सर्वज्ञ घाईघाईनं म्हणाला, हे त्यानं टाकलेलं नाही. खरंच आहे. त्यानं फक्त दार उघडलं, या म्हटलं आणि बसायला खुर्ची दिली. वेबसाइट तिथल्या तिथे बंद करायला लावली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फॉर्म भरलेल्या पेशंटना फोन यायला लागलेत. 'दवाखान्यातून बोलतोय. खालची डावी दाढ ना तुमची? कार्डाचा नंबर सांगा, उद्याची वेळ पक्की करतो.' कुठली दाढ ते माहीत आहे म्हटल्यावर संशय कोणाला येणार?

दादाच्या सगळ्यात जुन्या पेशंट म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी त्या माणसाला आधी पूर्ण नाव सांग, मग हळू आणि स्पष्ट बोल, असं फैलावर घेतलं, की त्यानंच फोन ठेवून दिला. इथपर्यंत ऐकून मी हसले. पण एका आजोबांनी नंबर सांगितला. महिन्याचं पेन्शन गेलं. दादा त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आला, भरपाई करून आला. आल्यावर जेवला नाही म्हणे. आज त्याची थट्टा करवत नाही.

१ मार्च, शनिवार

आता माझी पाळी.

मी थीम ज्या ऑनलाइन बाजारातून विकते त्यांचं पत्र. 'झुळूकमध्ये व्हायरस आहे' अशा एकसष्ट तक्रारी आल्यात. एकसष्टपैकी एकानंही ती विकत घेतलेली नाही! सगळ्या चोरीच्या प्रती, सगळ्यांत तीच नऊ हजारी ओळ. पण बाजाराला त्याचं काय? नाव खराब झालं ते झुळुकेचं. आजपासून विक्री बंद.

अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत. प्रत्येक प्रतीत मी एक लपवलेला क्रमांक घालते, कोणाला कुठली दिली ते कळावं म्हणून. त्यावरून शोधा आणि ज्याच्या प्रतीतून गळती झाली त्याचं नाव कळवा, म्हणजे त्याला नोटीस जाईल आणि तुमची विक्री सुरू होईल. नाव दिलं नाहीत तर आमचे वकील स्वतः शोधून काढतील आणि त्याला कोर्टात खेचतील, तोवर विक्री बंदच. लेखकानं (म्हणजे मी) स्वतः प्रत बाहेर दिल्याचं निघालं तर चौकशी नाही, काही नाही, खातं कायमचं बंद. सही, शिक्का, शुभेच्छा.

मला दुसरा धंदा नाही. पाच वर्षं या एका थीमवर घालवली. घरभाडं, बाबांची औषधं, सगळं तिच्यावर. घाबरले आहे. लिहायला लाज कसली.

२ मार्च, रविवार

दादाकडे गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं.

५ मार्च, बुधवार

चोरबाजार हिंडतेय. जुना लॅपटॉप काढलाय, त्यात काही नाही, मेला तरी चालेल.

काय एकेक नमुने! एका पानावर 'डाउनलोड' लिहिलेली चौदा बटणं, त्यातलं खरं एक. बाकीची दाबली की मी मोबाईल जिंकते. आज सकाळपासून नऊ मोबाईल जिंकले. वर ब्रीदवाक्य — ज्ञान सर्वांसाठी खुलं असावं! खाली लोकांचे आशीर्वाद. एकानं लिहिलंय, लहान माणसाचा विचार करणारे तुम्हीच. त्याच लहान माणसाच्या पेशंटचे नंबर कुठे विकले जाताहेत हे त्याला कोण सांगणार? आणि सगळ्यावर कडी म्हणजे एका महाभागानं तळाशी ठळक अक्षरात ताकीद दिली आहे — आमच्या फाइली चोरून आपल्या साइटवर टाकू नयेत, कारवाई होईल. वाचून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत एक चक्कर मारून आले.

झुळूक सगळीकडे आहे. क्रमांक मात्र पुसलेला.

९ मार्च, रविवार

दादाकडे सर्वज्ञ आला होता. मी त्याला सगळ्यांसमोर धरलं. तूच कुठून तरी मिळवलीस आणि पुढे वाटलीस ना? बिचाऱ्यानं मोबाईल काढून कधी, कुठून उतरवली ते दाखवलं. मागच्याच महिन्यात, त्या चौदा बटणांच्या पानावरून. तो चोर नाही, चोराचं गिऱ्हाईक आहे. मला माफी मागावी लागली. तीही त्यानं मोठ्या मनानं स्वीकारली, ते जास्त लागलं.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं, त्यांना झेपेल तेवढं. माझी थीम चोरली, तिच्यात विष कालवलं, दादाचे पेशंट नाडले गेले आणि आता माझी रोजीरोटी जाईल. बाबा तीस वर्षं कचेरीत नकाशे काढायचे, हातानं, शाईनं. एकदा एका साहेबानं त्यांच्या नकाशावर आपली सही ठोकली, तर निवृत्त होईपर्यंत बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले. "अशा माणसाची गय करू नकोस," म्हणाले.

बरं वाटलं. माझ्या बाजूनं इतकं जोरात ते पहिल्यांदाच बोलले.

१४ मार्च, शुक्रवार

आता पद्धत कळली. हे चोर एकमेकांचं चोरतात. पाचव्यानं चौथ्याकडून उचललं, चौथ्यानं तिसऱ्याकडून, आणि प्रत्येकानं जाता जाता आपली एकेक घाण आत टाकली. दादाची प्रत सहाव्या हातातली. एका प्रतीत तर दोन चोरांच्या ओळी आहेत आणि त्या एकमेकींना पुसायचा प्रयत्न करतात!

पण मागे मागे जावं तशी घाण कमी होते. म्हणजे कुठेतरी अगदी पहिली, स्वच्छ प्रत असणार. तिच्यावर क्रमांकही असणार. चौदा दिवस उरलेत.

१६ मार्च, रविवार

चोराला काय काय बोलायचं त्याचं भाषण तयार आहे. तीन पानी. आंघोळ करताना त्यात भर पडते. बाबांनी बाहेरून विचारलं, कोणाशी बोलतेस?

१८ मार्च, मंगळवार

तिसऱ्या हाताची प्रत मिळाली. क्रमांक नाही.

२१ मार्च, शुक्रवार

वहिनी दुपारी येऊन बसली. म्हणाली, सोड गं, नाव दिलं नाहीस तर वकील शोधतील, त्यांना पैसे कशाचे मिळतात? मी म्हटलं, तोवर आम्ही काय खायचं? शिवाय मला बघायचंय तो कोण आहे ते. कोण आहे जो माझी पाच वर्षं उचलून रस्त्यावर ठेवतो आणि त्याला काही वाटत नाही! वहिनीनं चहा केला. बाबा तेवढ्यात ग्रंथालयातून आले आणि मला बघून दारातच विचारलं, सापडला का? मी मान हलवली. त्यांचंही तोंड उतरलं.

२३ मार्च, रविवार

दुसऱ्या हाताच्या प्रतीत एक गंमत. मथळ्याचा रंग निळा. झुळूक विकायला ठेवली तेव्हा तो रंग मी हिरवा केला होता. म्हणजे ही विक्रीच्या आधीची. विक्रीच्या आधी कोणाकडे असणार? बाजाराच्या तपासनिसाकडे? तिथलाच कोणी फितूर असेल तर बरंच झालं! भाषणात चौथं पान घातलं.

२५ मार्च, मंगळवार

पहिली प्रत सापडली. एकदम स्वच्छ, माझ्या हातून गेली तशीच. क्रमांक शाबूत. यादी उघडून बघायची गरज पडली नाही.

जेवले नाही. बाबांना सांगितलं, पोट बिघडलंय.

२७ मार्च, गुरुवार

बाजाराच्या तपासनिसाच्याही आधी दोनच प्रती काढल्या होत्या. क्रमांक एक माझ्याकडे. क्रमांक दोन बाबांच्या कंप्युटरवर टाकली होती, त्यांनी निदान उघडून तरी बघावी म्हणून.

सकाळी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, ती माझी थीम तुम्ही कोणाला दिली होती का हो? चोरीशी तिचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. चष्मा शोधला, कंप्युटर लावला आणि कौतुकानं पान उघडून दाखवलं. निवृत्त नकाशेवाल्यांचं एक चर्चेचं पान, कोणालाही उघडता येईल असं. त्यावर फाइल, आणि खाली बाबांनी लिहिलेलं — 'माझ्या मुलीने स्वतः तयार केले आहे. रेष न् रेष तिची. सर्वांनी घ्यावे, इतरांनाही द्यावे.'

"बाराशे चाळीस जणांनी घेतली," बाबा म्हणाले. "मी रोज सकाळी बघतो."

बाजाराचा फॉर्म भरून पाठवला. प्रत बाहेर देणाऱ्याचं नाव — माझं.